ठरवून केलेल्या चुका

९ जानेवारी

ताई,

भिंगरी आणि तिचा बाबा तुझ्याकडून सुखरूप परत आले. सुट्टीत दवाखान्याने मला रजा दिली नाही, त्यामुळे माझं येणं राहिलं ते राहिलंच. आई कशी आहे असं भिंगरीच्या बाबाला विचारलं तर म्हणाला, "ठीक आहे, थोडी विसरते." दिवसभर लिफ्टच्या यंत्राशी पाने-पकडी घेऊन एकट्याने बसणारा माणूस, त्याच्याकडून याहून जास्त शब्द निघायचे नाहीत. फोनची घंटी वाजली की आई दचकते म्हणून तू फोन नको म्हणतेस. म्हणून पत्रातच विचारते, ती कशी आहे ते नीट सांग.

पण आज लिहायला बसले ती भिंगरीसाठी. तू पहिलीच्या पोरांना इतकी वर्षं शिकवते आहेस, घरातली मास्तरीण असताना बाहेर कोणाला कशाला विचारू? या मुलीला चूक अजिबात सहन होत नाही. अक्षर जरा वाकडं आलं की खोडते, खोडता खोडता पानाला भोक पडतं, मग वही भिंतीवर जाते. परवा चित्रातल्या घराचं छप्पर तिरकं झालं तर अख्खा कागद चुरगळून तोंडात कोंबला. मला बोट घालून काढावा लागला. तलावावर पोहायला नेते तर कडेचा दांडा सोडत नाही. तिथले सर म्हणतात, हिला पोहता येतं, फक्त हिला ते माहीत नाही. जे येत नाही ते करायचंच नाही, असा एकंदर खाक्या आहे.

म्हणून मी फ्रिजवर ध्येयांचा तक्ता लावला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, "दांडा सोडून तलावाची रुंदी पार करणे." ध्येय पुरं झालं की चांदणी चिकटवायची. बाईसाहेबांनी खाली स्वतःची ध्येयं लिहिली, "दूध पिणे. दप्तर भरणे. झोपणे." सगळ्यांना चांदण्या लावून मोकळी झाली. माझं ध्येय वर तसंच बापडं बसून आहे.

सात वर्षांच्या पोरीने हे कोणाचं घेतलं कोण जाणे.

तुझी धाकटी


१७ जानेवारी

अगं शहाणे,

कोणाचं घेतलं म्हणे! घरात आरसा आहे ना? तुझ्या स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीवर नाव असतं आणि भरल्याची तारीखही असते. मोज्यांची जोडी तुझ्याकडे कधी मोडली नाही. लहानपणी फाटलेलं पुस्तक मी चिकटवून द्यायचे आणि तू ते सोडवून सरळ चिकटवायचीस. त्या पोरीने तुझ्या घरात चूक नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. तिला वाटतं, मोठं होणं म्हणजे कधीच न चुकणं. मग ती चांदण्या दुधालाच लावणार.

आता फुकटात विचारलंस तर फुकटात ऐक. पहिलं म्हणजे, ध्येय तिचं असू दे, तुझं नको. तलावाची रुंदी हे तुझं ध्येय आहे. दुसरं, मोठ्या ध्येयाचे तुकडे करायला शिकव. आधी एक हात सोडायचा, मग दोन्ही, मग दोन हात मारून परत दांड्याकडे यायचं. एवढ्याशा जिवाला एक एक तुकडा पेलतो. आणि चुकली की "कशी चुकलीस" म्हणू नकोस. "काही नाही, होतं असं, आता काय करू या?" एवढंच म्हण. माझ्या वर्गात हेच चालतं. गेल्या आठवड्यात फळ्यावर माझी बेरीज चुकली, पोरांनी पकडली आणि अर्धा वर्ग बाकावर उभा राहून नाचला. मी म्हटलं, नाचून झालं असेल तर मी कुठे घसरले ते शोधा. मग जी शोधाशोध झाली, तेवढी बेरीज ती पोरं वर्षभरात शिकली नसतील.

थोडक्यात, तुझ्या चुका तिला दिसू देत.

आईची काळजी करू नकोस. जेवते, झोपते, खिडकीत बसते. तुझे भावोजी तिला रोज फिरवून आणतात. सगळं सुरळीत आहे.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

ताई,

मास्तरीणबाईंचं म्हणणं तंतोतंत पाळलं. तक्त्यावरची माझी ओळ मीच पुसली आणि भिंगरीला म्हटलं, तूच सांग. पायाचा अंगठा चोळत म्हणाली, "एक हात सोडीन. डावा." सोडला. पुढच्या रविवारी उजवाही सोडला, पाण्यात उभ्याउभ्याच, पण सोडला. तुकडे करायची ही युक्ती तिला भारीच आवडली आहे. आता जेवणाचेसुद्धा तुकडे पाडते.

अडचण माझ्याकडून होती. माझ्या चुका तिला दिसू देत म्हणालीस, पण दाखवायला चूक हवी ना? औषधांच्या खिडकीत बसून माझी सवयच अशी झाली आहे. गोळीचं नाव, ताकद, पेशंटचं नाव, सगळं पुन्हा वाचायचं आणि मगच हात पुढे करायचा. तिथे माझं चुकून चालत नाही. ते अंगात इतकं मुरलं आहे की घरीही हात चुकत नाही. वाट पाहून पाहून कंटाळले आणि शेवटी ठरवलं, होत नसेल तर करू या. करायचीच तर नीट करू.

पहिल्यांदा तिच्यासमोर चहात मीठ घातलं, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि शांतपणे म्हटलं, "अरे, चुकलं की माझं. आता काय करू या?" ती नुसती बघत राहिली. मग एक दिवस एक पाय काळ्या बुटात आणि एक तपकिरी बुटात घालून निघाले. जिन्यापर्यंत गेले असेन, तर ही दुसरा बूट छातीशी धरून धावत आली. त्यानंतर चष्मा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवून घरभर शोधला. काल किल्ली बाहेर दारालाच राहू दिली. दर वेळी मी हसते, म्हणजे तिला कळावं की चुकण्यात घाबरण्यासारखं काही नसतं. नाटकात कधी काम केलं नाही, पण बरी करते आहे असं वाटतं.

ती मात्र हसत नाही. फार गंभीर होऊन मदत करते. शिकते आहे, दुसरं काय.

धाकटी


१३ फेब्रुवारी

शहाणे,

चुकासुद्धा वेळापत्रक लावून करणारी तू जगात एकटीच असशील. भावोजींना वाचून दाखवलं तर त्यांना ठसका लागला. बुटांचं वाचता वाचता मी जरा थांबले, का ते पुन्हा कधीतरी सांगेन. मिठाचा चहा मात्र बंद कर, रक्तदाब वाढेल आणि मग औषध कोण देणार?

पोर मदत करते आहे ना, मग चाललं आहे ते चालू दे. थोडक्यात आवरते. आई हाक मारते आहे.

ताई


३ मार्च

ताई,

तुला पेढीवर बसवून फी द्यायला हवी. भिंगरी ओळखू येणार नाही इतकी बदलली आहे. खोडरबराला हात लावत नाही. अक्षर वाकडं आलं तर तसंच ठेवते, छप्पर तिरकं झालं तरी चालतं. आपल्या चुकांकडे तिचं लक्षच नाही म्हण ना. सकाळी माझ्याआधी उठून ओट्याशी उभी असते आणि साखरेची बरणी माझ्या हातात देते. माझे बूट दाराशी जोडीने मांडलेले असतात. बाहेर पडताना म्हणते, "आई, किल्ली दाखव." मी दाखवते, मग निघतो. खिडकीत माझ्या हाताखाली असली मुलगी मिळाली तर मी उद्या बढती देईन.

एकच गोष्ट खटकते. तलावावर यायचं नाही म्हणते. दोन हात मारण्यापर्यंत आली होती, सर खूश होते, आणि एकदम बंद. मी म्हटलं, भीती वाटते का? "नाही." पाणी गार असतं का? "नाही." मग? म्हणाली, "रविवारी आपण दोघी घरीच राहू. मला आता दुसरं ध्येय आहे." कोणतं, ते काही केल्या सांगत नाही. ध्येय तिचं असू दे, असं तूच म्हणाली होतीस, म्हणून मी खोदून विचारलं नाही. मैत्रीण खेळायला बोलवायला आली तर तिलाही आमच्याच घरी बसवते आणि खेळता खेळता मान वर करून मी कुठे आहे ते बघते. एवढी मायाळू कधीपासून झाली, देव जाणे.

आणि तुला हसू येईल, परवा माझ्याकडून एक खरी चूक झाली. दूध तापत ठेवून कचरा टाकायला खाली गेले आणि शेजारीणबाईंशी बोलत उभी राहिले. वर येते तर घरभर धूर, भांडं कोळसा झालेलं, आणि भिंगरी गॅस बंद करून खुर्चीवर उभी. मी दार-खिडक्या उघडत सुटले. ती मात्र रडली नाही, ओरडली नाही. खाली उतरली, माझा हात धरला आणि म्हणाली, "काही नाही आई, होतं असं." तुझंच वाक्य, ताई! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

आईबद्दल तू दोन ओळींच्या वर लिहीत नाहीस. एवढा वेळ नाही का ग मिळत?

धाकटी


८ मार्च

मावशी,

तू कशी आहेस. आजी कशी आहे. मी बरी आहे. हे पत्र आईला सांगू नको. मी बाबाला सांगितलं की पाकिटात चित्र आहे. चित्र पण आहे म्हणून ते खोटं नाही.

आईला आजीसारखं होतंय. आधी तिने चहात मीठ घातलं. मग वेगवेगळे बूट घातले. आजीने तुझा एक आणि तिचा एक घातला होता तसे. मग चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. आजीने कंगवा ठेवला होता ना तिथे. किल्ली पण विसरते. आणि विसरली की हसते. आजी पण हसायची. आता आईने गॅस चालू ठेवला आणि खाली निघून गेली.

बाबाला सांगितलं नाही. त्याला कळलं तर तो कामाला जाणार नाही आणि लोक लिफ्टमध्ये अडकतील.

मी ठरवलंय की आईची एकपण चूक होऊ द्यायची नाही. हे मोठं ध्येय आहे म्हणून मी त्याचे तुकडे केले. पहिला तुकडा चहा. तो जमला. दुसरा बूट. तो जमला. तिसरा किल्ली. तो पण जमला. गॅसचा तुकडा मी केलाच नव्हता. ती माझी चूक झाली. आता मी शाळेतून आल्यावर आधी गॅस बघते. मी शाळेत असते तेव्हाचं काय करायचं ते मला अजून जमलं नाही.

मला तुला विचारायचं आहे. तुझ्या दाराला वर कडी आहे, आजीचा हात पोचत नाही ती. आमच्या दाराला तशी लावली तर माझा पण हात पोचणार नाही. मग काय करू. आणि आजीने तुला तू कोण असं विचारलं होतं तेव्हा तू काय सांगितलं. आई मला विचारेल तेव्हा मी काय सांगू.

तुझी भिंगरी


१४ मार्च

लाडके,

सोबतचा कागद आधी वाच आणि मग हे वाच. बसून वाच.

मी तो शाळेतून आल्याआल्या जिन्यातच उघडला. चित्र असेल म्हणून हसत उघडला आणि तिथेच पायरीवर बसले. भावोजी खाली बघायला आले.

तुला सांगू नको असं तिने बजावलं आहे. हे गुपित ठेवण्यासारखं नाही, पण लहान मुलाच्या पाठीमागे ते फोडायचंही नाही. म्हणून मी आधी तिला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलं की मी हे तुझ्या आईला कळवते आहे, कारण एवढं ओझं तू एकटीने उचलायचं नाही. तुझी आई आजारी नाही, आणि बाकीचं ती स्वतः तुला सांगेल. माझ्यावर रागावली तर रागावू दे.

आता आईबद्दल ऐक. थोडी विसरते असं आम्ही सगळे तुला सांगत राहिलो. ती थोडी विसरत नाही. डिसेंबरात भिंगरी इथे असताना आई तिच्यासमोरच एका सकाळी बाहेर निघून गेली, पायात एक माझा आणि एक तिचा बूट. दोन गल्ल्यांपलीकडे सापडली, हसत होती. त्या दिवशी भावोजींनी दाराला वर कडी लावली. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, तुम्ही कोण? तुला लिहिलं नाही, कारण तुला रजा मिळत नाही आणि तू लांब बसून नुसती झुरली असतीस. तुझं बुटांचं पत्र आलं तेव्हा मला आईची ती सकाळ आठवली होती, तरी मी ते हसण्यावारी नेलं. पोरीने काय पाहिलं आहे हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, त्यात माझा वाटा तुझ्याहून मोठा आहे. पण रडगाणं नंतर गाऊ.

आज संध्याकाळीच तिच्याशी बोल. "गंमत केली होती" असं म्हणू नकोस, तिच्यासाठी त्यात गंमत काहीच नव्हती. सगळं मुद्दाम केलं होतं तेही सांग आणि गॅसचं खरं होतं तेही सांग. एक जरी गोष्ट लपवलीस तर ती पुन्हा पहाऱ्याला बसेल.

तिच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं आहे, तुलाही देते. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी तुमची मोठी मुलगी. ती म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी आहे." आणि जेवायला बसली.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट खिडकीची पाळी सुरू व्हायच्या आधी उघडलं होतं. वाचलं आणि साहेबांना सांगितलं की आज मी औषधं देणार नाही, माझा भरवसा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तशीच शाळेत गेले आणि भिंगरीला घेऊन घरी आले.

स्वयंपाकघरात फरशीवरच बसलो दोघी. मी म्हटलं, मला आजीसारखं काही झालेलं नाही. मीठ, बूट, चष्मा, किल्ली, सगळं मी मुद्दाम केलं. तू चुकायला घाबरतेस म्हणून तुला दाखवायचं होतं की आईसुद्धा चुकते. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. ती उठून लांब जाऊन बसली.

"मी रोज लवकर उठत होते," ती म्हणाली. "तुला माहीत होतं आणि तू काहीच बोलली नाहीस."

मी म्हटलं, तू का उठतेस हे मला माहीत नव्हतं. ते विचारायला हवं होतं. ती माझी चूक, आणि ही मुद्दाम केलेली नाही. तर म्हणाली, "मग गॅस?" ते खोटं होतं असं सांगायचा फार मोह झाला, ताई. तिचा चेहरा बघून कोणालाही झाला असता. मी म्हटलं, ते खरं होतं. बोलत राहिले आणि विसरले. तिचा पुढचा प्रश्न मला ठाऊकच होता. "म्हणजे आता सुरू झालं?"

मी सांगितलं की एकदा विसरणं म्हणजे तो आजार नव्हे, माणसं विसरतात. म्हातारपणी मला तो होईल की नाही हे मला माहीत नाही, कोणालाच माहीत नसतं. पण झालाच तर बघायला बाबा आहे, मावशी आहे, डॉक्टर आहेत. मला सांभाळणं हे तुझं काम नाही, आजही नाही. तुझं काम शाळेत जायचं आणि रविवारी नाकातोंडात पाणी जाईपर्यंत पोहायचं. तेव्हा कुठे ती रडली, आणि रडली ती इतकी की बाबा कामावरून आला तरी हुंदके थांबले नव्हते. त्याला सगळं सांगितलं. तो तिला मांडीवर घेऊन जेवला.

एवढ्याने संपलं असं समजू नकोस. आठवडाभर माझ्याशी ती कामापुरतंच बोलली. दूध उतू गेलं तर विचारायची, "हे खरं की मुद्दाम?" भाजी जळली तरी तेच. मी दर वेळी खरं तेच सांगितलं. माझा शब्द घरात इतका स्वस्त झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तो तसा मीच केला होता. सकाळी अजून ओट्याशी येऊन उभी राहायची. मी हाकललं नाही. "तू झोपलीस तरी चालेल," एवढंच म्हणायचे. मग एक दिवस आली नाही. मी एकटीने चहा केला आणि ओट्याशी उभ्यानेच रडून घेतलं.

आईसाठी मी रजा टाकली आहे. मिळो न मिळो, महिनाअखेर मी निघते. भिंगरीही येणार म्हणते. आजीने विचारलं तर सांगायचं उत्तर तिने पाठ करून ठेवलं आहे.

मागच्या रविवारी ती आपणहून कपाटातून पोहायचा पोशाख काढून घेऊन बसली. तलावावर गेलो. पण दांडा धरून माझ्याकडे तोंड करूनच उभी राहिली. मी बाकावरून पिशवी उचलायला वाकले तरी तिची मान उंच व्हायची. सरांनी खूप समजावलं, तासभर हलली नाही. आम्ही तसेच परत आलो. तिला काही म्हटलं नाही, पण मनातून मी खचले होते.

आज पुन्हा गेलो. मी त्याच बाकावर बसले. तिने थोडा वेळ दांडा धरला, मग सरांना काहीतरी सांगितलं आणि सोडला. हात मारत अर्ध्यापर्यंत गेली, तिथे धीर सुटला, पाणी गिळलं, सरांनी दंड धरून वर काढलं. खोकली, नाक पुसलं, आणि परत कडेला जाऊन पुन्हा निघाली. पुन्हा अर्ध्यात बुडाली. सरांशी हातवारे करून वाद घालत होती, पाय कसा मारायचा त्यावरून असावा. मग पुन्हा. रुंदी काही पार झाली नाही.

मी तासभर तिच्यावरून नजर हलवली नाही, ताई. आणि तिने एकदाही वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

तुझी धाकटी